मुक्या जिवाचा अर्ज



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने कुत्र्याच्या चालीवर का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाशी उभे राहण्यात माझी तीस वर्षे गेली. कोणाची पाठ धरली आहे, कोणाचा गुडघा गेला आहे, हे तो तोंड उघडण्याआधी त्याच्या चालीवरून मला कळे. माणूस निदान पुढे बोलतो, अर्ज लिहितो. घरच्या कुत्र्याची चाल हाच त्याचा अर्ज. असा एक अर्ज मी स्वतः न वाचता बाजूला ठेवला होता. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी निरोगी चाल पाहू. सावकाश चालताना कुत्रा चारही पाय एकेक करून उचलतो. दुडक्या चालीत उजवा पुढचा आणि डावा मागचा अशी तिरकी जोडी एकदम पडते. चौखूर धावताना पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि पुन्हा ताणला जातो. हे नुसत्या डोळ्यांना नीट टिपता येत नाही. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात कुत्रेही आहेत. आज तेच काम आपल्या खिशातला मोबाईल करतो.

आता वेगळ्या चाली. काही कुत्रे उंटासारखे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतात. वाढत्या पिलात किंवा थकलेल्या कुत्र्यात यात विशेष काही नसते. पण जो कधी तसा चालत नव्हता तो तसा चालू लागला, तर पाठ किंवा खुबा दुखत असण्याचा संभव असतो. पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा धावता धावता मागचा एक पाय तीनचार पावले उचलून धरतो आणि मग काही झालेच नाही असा पळू लागतो. घरची मंडळी हसतात. पण पुष्कळदा गुडघ्याची वाटी खाचेतून सरकून परत जागेवर बसलेली असते. अल्सेशियन किंवा लॅब्राडोरचे पिलू सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पळते, तेव्हा खुब्याची खोबण उथळ राहून हाडाचा गोळा तिच्यात सैल बसला आहे की काय, हे तपासावे लागते. हा दोष वंशातून येतो आणि पिलाला खाऊ घालून लठ्ठ केले की वाढतो. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. गोचिडांपासून होणाऱ्या तापातही सांधे धरतात आणि कुत्रा लंगडतो.

या सर्वांत एक भेद ध्यानात ठेवावा. दुखणारा कुत्रा पाय जपतो; ज्याच्या मज्जारज्जूत बिघाड आहे तो कुत्रा पाय विसरतो. आपला पंजा कोठे आहे याची वर्दी पायाकडून मज्जारज्जूतून मेंदूकडे जात असते. उभ्या कुत्र्याचा पंजा आपण हलकेच उलटा टेकवला, तर निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. वर्दी पोहोचत नसेल तर तो तसाच राहतो. मग मागचे पाय एकमेकांत अडकतात आणि नख्या फरशीवर घासू लागतात.

आमच्या मोत्याच्या नख्यांचा तो आवाज मी दोन महिने रोज रात्री ऐकत होतो. जिना चढायचा तो टाळू लागला, तेव्हा मी म्हणालो, म्हातारा झाला, आळशी झाला. एका सकाळी त्याचे मागचे पाय उठेनात. कण्यातली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. पशुवैद्यांनी विचारले, "हे केव्हापासून?" मी सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. मोत्या पुढे चालू लागला, पण त्याची दुडकी चाल काही परत आली नाही. आजारी कामगाराला कोणी कामचुकार म्हटले की मी भांडायला उठत असे. घरात तेच मी केले होते.

उलट बाजूही सांगतो. एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याची मान एकाएकी कलते, तो झोकांड्या खातो, पडतो. घरचे लोक अर्धांगवायू समजून आशा सोडतात. पण पुष्कळदा हा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत उतार पडू लागतो. म्हणून तपासणीआधी निकाल देऊ नये.

तेव्हा करायचे काय? प्रथम पंजा पाहा. बोटांच्या मधे काटा, भेग, मोडकी नखी, गोचीड आहे का? मग गुळगुळीत फरशीवर नव्हे, खरखरीत जमिनीवर त्याला चालवून समोरून, मागून आणि बाजूने चित्रण करा, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा पुष्कळदा लंगडणे लपवतो. केव्हापासून होते, उठल्यावर जास्त की फिरून आल्यावर, हे लिहून ठेवा. माणसाची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. मागचे पाय एकाएकी गेले तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा.

आज घरी गेल्यावर तुमचा कुत्रा दाराशी धावत येईल. लाड जरूर करा. पण त्याआधी तो कसा आला, तेवढे पाहा.