खर्जातला गंधार

ग्वाल्हेरच्या कंपू भागात, जयारोग्य रुग्णालयाच्या गजबजाटापासून जरा आत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर संध्याकाळी गाण्याची तालीम चालते. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, पिढ्यानपिढ्या शहराच्या लष्कर भागात राहिलेल्या मराठी घरातले. शिष्यांत मराठी मुलं आहेत, हिंदी बोलणारीही आहेत. घरगुती बोलणं मराठीत होतं, पण चूक झाली की सगळ्यांना एकच हुकूम मिळतो, “फिर से.” नेमकं काय चुकलं, ते गुरुजी सहसा सांगत नाहीत. मी कोपऱ्यात बसून ही तालीम पाहत आलो आणि या न सांगण्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला.

सुरुवात तंबोऱ्यापासून होते, आणि तंबोरा गुरुजी लावत नाहीत. ज्याची पाळी असेल त्याने लावायचा. आधी खुंट्या पिळून पंचम, जोड आणि खर्ज जवळपास आणायचे, मग मणी वरखाली सरकवून बारीक फरक काढायचा, शेवटी घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर हलवत तार मोकळी बोलेपर्यंत थांबायचं. नवख्याला यात वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळे गप्प बसतात. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असताना ही मेहनत कशाला, असं पालक विचारतात. गुरुजींचं म्हणणं साधं आहे. ज्याला तार जुळली की नाही हे कळत नाही, त्याला आपला गळा जुळला की नाही हे कोण सांगणार?

एका संध्याकाळी बारावीतली एक मुलगी यमन गात होती. नि रे ग म्हणताना तिचा गंधार दरवेळी किंचित वर जायचा. “फिर से” तीन-चारदा झालं. मग गुरुजींनी तिला थांबवलं आणि फक्त खर्जाची तार छेडायला सांगितली. “गाऊ नकोस. यात गंधार बोलतोय, तो शोध.” ती छेडत राहिली. बराच वेळ तिला षड्जाशिवाय काही ऐकू येईना. बाकीची मुलंही कान देऊन बसली. मध्येच ती म्हणाली, “गुरुजी, वर कुठेतरी बारीक आहे.” त्या बारीक सुराशी तिने आपला गंधार मिळवला, तेव्हा तो आपोआप खाली उतरून बसला. गुरुजींनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

यात चमत्कार नाही. चांगल्या लावलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही उमटतात. मूळ स्वर पहिला धरून मोजलं तर त्यातला पाचवा म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ही मुलगी घरी हार्मोनियमवर सराव करते. आजच्या हार्मोनियमचा गंधार या नैसर्गिक गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. तो फरक तिच्या गळ्यात उतरला होता. गुरुजी “जरा खाली घे” म्हणाले असते तर तिने त्या दिवशी घेतलाही असता. पण दुसऱ्या दिवशी घरी, गुरुजी समोर नसताना, तो पुन्हा चढला असता. आता तिच्याजवळ ताडून पाहायचं साधन आहे आणि ते वापरण्याची जबाबदारीही तिचीच आहे. शिकवणं म्हणतात ते मला या प्रसंगात दिसलं.

याच शहरात ख्यालाचं ग्वाल्हेर घराणं उभं राहिलं. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांची कथा इथे अजून सांगतात. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात. त्यांची तानबाजी या भावांना कोणी शिकवली नाही. त्यांनी ती पडद्याआड बसून ऐकली आणि घरी मेहनत करून गळ्यावर चढवली, अशी आख्यायिका आहे. या कथेत लोकांना चोरी आवडते. मला त्यापुढचा, कथेत न येणारा भाग महत्त्वाचा वाटतो. ऐकलेल्या तानेचा उगम कुठे, वजन कुठे, सम कशी गाठली, हे रात्रीच्या अंधारात स्वतःच उलगडायचं होतं. दुरुस्त करायला समोर कोणी नव्हतं.

तरीही विद्या लपवण्याच्या त्या रीतीचं कौतुक मला करवत नाही. दडवलेल्या विद्येपायी कितीतरी होतकरू मुलं दारातूनच परत गेली असतील. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये, वयाच्या विशीत, वडिलांच्या नावाने इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. चार वर्षांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. राजाभैया पूछवाले घराण्याची तालीम घेतलेले गवई. त्यांनी भातखंड्यांची स्वरलिपीही आपलीशी केली आणि तिथे पिढी घडवली. या लोकांनी दार उघडलं आणि गाणं सामान्य घरांत आलं. हे फार मोठं काम झालं. फक्त दार उघडल्यावर आत येणाऱ्यावरचा भार कमी झाला, असा समज पसरला. तो चुकीचा आहे.

भार तेवढाच आहे, याचा प्रत्यय माडीवर येतो. बंदिश शिकताना वही मिटलेली असते. ग्वाल्हेरच्या रीतीप्रमाणे अस्थाई आणि अंतरा दोन्ही आधी पुरते गळ्यावर यायला हवेत, लिहायचं ते नंतर. रेकॉर्डिंगलाही परवानगी शेवटच्या दहा मिनिटांतच. मग गुरुजी सांगतात, “पुढच्या वेळी तुमच्या ताना घेऊन या.” एक मुलगा यूट्यूबवरून उचललेली झगमगती तान घेऊन आला. गुरुजी रागावले नाहीत. निम्म्या लयीत म्हणायला लावली. तिथे ती विस्कटली. मुखडा किती मात्रा आधी उचलायचा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. “तान छान आहे,” गुरुजी म्हणाले, “आता ती तुझी कर.” पुढच्या खेपेला त्याने तारसप्तकापासून खाली येणारी एक साधी सपाट तान आणली. ती समेवर बरोबर पडली. तबल्यावरच्या मुलाने दाद दिली.

ही कला केवळ वर्गात येत नाही. आठवड्यातले दोन तास माडीवर जातात, गाणं घडतं ते उरलेल्या वेळात, आणि तिथे गुरू नसतो. म्हणून मुलांना क्लासला सोडायला येणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. मध्यमा, विशारद कधी होणार, हे गुरुजींना विचारायच्या आधी घरात रोज अर्धा तास टीव्ही बंद ठेवा आणि मुलाला स्वतःचं गाणं ऐकू द्या.