संडासाची टाकी

अलिबाग-मुरूडकडे वाडीत घर असते, मागील दारी विहीर असते. आता संडासही झाले आहेत. पण किनाऱ्याची जमीन रेताड. तिच्यात पाणी झटकन मुरते, तशी घाणही मुरते. म्हणून संडासाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब हवा.

टाकीत मैला तळाशी बसतो. बारीक जंतू तो कुजवतात. तरी गाळ उरतोच. दोन-तीन वर्षांनी तो काढावा लागतो. टाकी तुंबेपर्यंत थांबू नका. शिमगा झाला की काढून घ्या. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते. थोडा गाळ मात्र तळाशी राहू द्या. उपमा ओंगळ वाटेल, पण ते विरजणच आहे. फिनेल, ॲसिड भारंभार ओतू नका. त्याने जंतू मरतात.

गाळ काढायचा तो पंपाच्या गाडीने. माणूस आत उतरवायचा नाही. "मला सवय आहे," असे तो म्हणाला तरी नाही! आत विषारी वायू असतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकाला तो वासही कळत नाही. एक जण पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. विहिरीत कंदील सोडून हवा बघतात, तसे इथे करू नका. टाकीतला वायू पेट घेतो. साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

गाडीवाल्याला आधीच विचारा, "गाळ कुठे नेणार?" खाडीत ओतणार असेल, तर त्याला काम देऊ नका. त्याच खाडीत आपल्या बाया तिसऱ्या काढतात.