दिल्लीचा हात कोठवर पोचतो?

श्रोतेहो, कामानिमित्त पुण्यास आलेला माणूस शहरातून चालत चालत कॅम्पात जातो. रस्ता तोच, दुकानेही तशीच. पण मध्येच कारभार बदलतो. शहराची महानगरपालिका राज्याच्या कायद्याने चालते, तर कॅम्पातले कटक मंडळ केंद्राच्या संरक्षण खात्याकडे. स्टेशनातली आगगाडी केंद्राची, खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी राज्याचे. ही वाटणी कोणी केली? आणि ती मोडणे कोणाच्या हाती आहे?

वाटणी केली ती राज्यघटनेने. तिच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. पहिली केंद्राची: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, चलन. दुसरी राज्यांची: पोलीस, शेती, जमीन महसूल, दवाखाने, ग्रामपंचायती. तिसरी सामाईक, तिच्यातल्या विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो, पण दोन कायद्यांत विरोध आला तर सामान्यतः केंद्राचा वरचढ. कोणत्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो.

अमेरिकेत याच्या उलट. तेथे राज्ये आधी, संघ मागून. संघाला दिले नाही आणि राज्यांना मना केले नाही, ते राज्यांचे किंवा लोकांचे, असे तेथील १७९१ च्या घटनादुरुस्तीने ठरले. आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणा राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते.

मग राज्याच्या हद्दीचे काय? येथे तिसरे कलम पाहावे. संसद साध्या बहुमताने राज्याची हद्द बदलू शकते, त्याचे नावही बदलू शकते. विधेयक आधी त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावे लागते. पण मत विचारायचे, ते मानलेच पाहिजे असे नाही.

आपण मराठी माणसांनी हे अनुभवले आहे. १९५६ साली आलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातील मुंबई असे तीन भाग होते. संसदेत ते बदलले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. बदललेला मसुदा पुन्हा विधिमंडळाकडे का पाठवला नाही, असा वाद बाबूलाल पराते यांनी न्यायालयात नेला. तशी गरज नव्हती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला.

म्हणजे कायद्याने दिल्लीला अडवले नाही. मग द्वैभाषिक मोडले कसे? पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. लढ्यात शंभरावर माणसे प्राणास मुकली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळवले. शेवटी त्याच संसदेने नवा कायदा केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कलम तेच होते. त्यामागे उभा राहिलेला लोकांचा कौल नवा होता.

मग दिल्लीवर घटनेचा लगाम मुळीच नाही काय? आहे. याद्या बदलायच्या तर संसदेत विशेष बहुमत हवे, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी. शिक्षक बंधुभगिनींना हे जवळचे: शिक्षण पूर्वी राज्यांच्या यादीत होते, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते सामाईक यादीत गेले. लगाम होता, पण तेव्हा तो ताणला गेला नाही.

दुसरा लगाम न्यायालयाचा. ३५६ व्या कलमाखाली राष्ट्रपती राजवट आणता येते. फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ तसेच बरखास्त झाले. पुढे १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की बहुमत आहे की नाही हे सभागृहात तपासावे आणि अशी राजवट न्यायालयात तपासली जाऊ शकते. राज्याला दाद मागण्याची वाटही मोकळी आहे: बेळगावच्या सीमाप्रश्नावर महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तो १३१ व्या कलमाच्या आधारे.

तेव्हा मंडळी, गावच्या कामाचा अर्ज लिहिण्यापूर्वी विचारा, हा विषय कोणत्या यादीतला? दार चुकले तर अर्ज नुसता फिरत राहतो. आणि गुरुजींनी शाळेच्या फळ्यावर तीन रकाने आखावेत. कालवा, टपाल, शाळा, पोलीस, रेल्वे कोठे बसतात, ते मुलांकडूनच भरून घ्यावे. कोणाकडे काय मागायचे हे ज्याला कळते, त्यालाच कोणी हद्द ओलांडली हेही कळते.