‘डेथ ऑफ अ सेल्समन’ : निवडक अवतरणांचे विश्लेषण

आर्थर मिलर यांचे हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. त्यातील अवतरण परीक्षेत आले की बहुतेक विद्यार्थी ‘यातून अमेरिकन स्वप्नाचा फोलपणा दिसतो’ असे लिहून मोकळे होतात. ते चूक नाही. पण तेच उत्तर कोणत्याही अवतरणाखाली चालते, ही अडचण आहे. म्हणून वाक्य कोण, कोणाला आणि कोणत्या क्षणी बोलते, ते आधी पाहा.

पहिल्या अंकात लिंडा मुलांना बजावते, की विली थोर माणूस नसेल, तरी त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवे. मूळ इंग्रजी वाक्य कर्मणी प्रयोगात आहे. लक्ष कोणी द्यायचे, ते त्यात सांगितलेले नाही. मुलांनी? कंपनीने? प्रेक्षकांनी? कर्ता मोकळा राहिल्यामुळे जबाबदारी सर्वांवर येते. मात्र पुढेच लिंडा सांगते, की विलीने आत्महत्येसाठी लपवलेली रबरी नळी ती रोज काढते आणि तो घरी येण्यापूर्वी पुन्हा जागेवर ठेवते. त्याचा अपमान होईल म्हणून ती त्याला विचारत नाही. लक्ष देण्याची मागणी करणारी व्यक्तीच गप्प राहते! उत्तरात हा विरोध आला नाही, तर लिंडा केवळ लेखकाची प्रवक्ती ठरते.

दुसऱ्या अंकात विली हॉवर्डला सुनावतो, की संत्रे खाऊन साल फेकावी तसे माणसाला फेकता येत नाही. हे वाक्य सुटे वाचू नका. याच प्रसंगात तो आठवड्याला ६५ डॉलर मागतो, मग ५० वर येतो, मग ४० वर. माणूस म्हणजे माल नव्हे असे म्हणणारा विली स्वतःचा भाव स्वतःच उतरवत असतो.

शेवटच्या भांडणात बिफ म्हणतो, की आपण दोघेही बाजारात ढिगाने मिळणारी, स्वस्त माणसे आहोत. विली त्यावर युक्तिवाद करत नाही. दोघांची नावे तेवढी आडनावासह उच्चारतो. (या नाटकातली मला सर्वांत करुण वाटणारी जागा हीच.) थोड्याच वेळात बिफ रडतो. मुलाचे आपल्यावर प्रेम आहे, हे विलीला उमगते. आणि लगेच तो विम्याच्या २०,००० डॉलरचा हिशेब मांडू लागतो.