रात्रीचे शेजारी : कठड्यावरच्या बिया

या सदरात मुंगसाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आता पुढच्या रविवारी. मध्येच मुलुंडहून एका वाचकांचं पत्र आलं. तळमजल्याच्या त्यांच्या बागेत रात्री कुंपणावरून एक काळपट, लांब शेपटीचं जनावर उतरतं. परदेशी फिल्ममध्ये दिसतो तो बॅजर हाच का, आणि त्याला दूध ठेवावं का, असं त्यांनी विचारलंय.

बॅजर नव्हे. त्याच्या कुळातलं आपलं चांदी अस्वल, आणि ते काही मुलुंडच्या कुंपणावर कसरती करायला यायचं नाही. हे उदमांजर, कोकणातले लोक कांडेचोर म्हणतात. बोरिवली, येऊर, मुलुंड अशा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला खेटून असलेल्या वस्त्यांत ते असतंच, पण फळझाडं आणि लपायला पोटमाळा मिळाला की भर वस्तीतही सुखाने नांदतं.

खात्री करायची तर जागरणाआधी सकाळी कठडा बघा. हा माझा जुना नाद. घरच्यांनी त्यावर बोलणं केव्हाच सोडलंय. उदमांजर बहुधा उघड्या, उंच जागी विष्ठा टाकतं : भिंतीचा माथा, टाकीचं झाकण, आडवी फांदी. काडीने उकलून पाहा. जूनमध्ये जांभळाच्या बिया, एरवी चिकूच्या काळ्या, चकचकीत, उंबराचा बारीक चुरा, भेर्ली माडाच्या टणक बिया. गर तेवढा गेलेला, बी शाबूत. दाणे चावण्याच्या भानगडीत ते पडत नाही, म्हणून तर त्याच्या वाटेवर न लावलेली रोपं उगवतात. त्याच्या नात्यातलं जवादी मांजर मात्र बहुतेक जमिनीवरच वावरतं. त्याच्या विष्ठेत उंदरांचे केस आणि किड्यांची कवचं जास्त.

इंडोनेशियातली ती महागडी कोपी लुवाक कॉफी उदमांजराने गिळून विष्ठेतून टाकलेल्या बियांची. आता त्यासाठी उदमांजरं पिंजऱ्यात कोंडून त्यांना कॉफीची फळं चारतात. असली कॉफी कुणी फुकट पाजली तरी मी घेणार नाही.

बघायचं असेल तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावा, गॅलरीतला दिवा मालवा आणि मोबाइल आत ठेवून या. पिकलेली पपई झाडावरच राहू दिलीत तर पाहुण्याची सोय आपोआप होते.

दूध मात्र नको, पोळीचे तुकडे तर नकोतच. उरलंसुरलं खायला उंदीर येतात, कुत्री येतात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. माळ्यावर पिल्लं सापडली तर उचलू नका; आई बहुधा जवळपासच असते. पिल्लू जखमी दिसलं तरच वन विभागाला 1926 वर फोन करा.