दूरच्या तुकडीचा सांभाळ

दक्षिण गोलार्धातील उन्हाळा सरत आला की, साधारणपणे मार्च महिन्यात, अंटार्क्टिकातील भारतीय केंद्रांकडे गेलेले जहाज परतीच्या वाटेला लागते. त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत मागे राहिलेल्या थोड्या माणसांपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. त्यांच्या कामाची आणि जीविताची जबाबदारी मात्र गोव्यातील वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे असते. दृष्टीआड काम करणाऱ्या माणसांचा सांभाळ कसा करावा, या प्रश्नाचे इतके कठोर उदाहरण क्वचितच आढळेल.

भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. ती उन्हाळ्यातच परतली. पुढे १९८४ मध्ये बारा जणांच्या तुकडीने ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्रात प्रथमच संपूर्ण हिवाळा काढला. हिमस्तरावर उभारलेले ते केंद्र हळूहळू बर्फाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये त्याचा वापर थांबला. त्याची जागा शिर्माकर या हिममुक्त, खडकाळ प्रदेशातील ‘मैत्री’ने घेतली. २०१२ मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेस ‘भारती’ सुरू झाले. ही दोन्ही केंद्रे एकाच खंडावर असली, तरी हिवाळ्यात एकीची माणसे दुसरीच्या मदतीला धावून जाऊ शकत नाहीत.

अशा तुकडीला मुख्यालय जी मदत करू शकते, तिचा मोठा भाग जहाज निघण्यापूर्वीच करावयाचा असतो. निवडलेल्या सदस्यांची दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शारीरिक व मानसिक तपासणी होते. त्यानंतर उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत त्यांना बर्फावर वावरण्याचे शिक्षण मिळते. या शिक्षणाचा आणखी एक उपयोग असतो. तुकडीत हवामानतज्ज्ञ, भूचुंबकशास्त्राचे अभ्यासक, डॉक्टर, यंत्रज्ञ आणि स्वयंपाकी असतात. ते निरनिराळ्या संस्थांमधून व राज्यांमधून आलेले असतात आणि पुष्कळदा परस्परांना अपरिचित असतात. एका दोराला बांधून चढण चढताना कोणावर किती विसंबावे, हे त्यांना उमगू लागते. सामानाची गोष्टही अशीच. जनित्राचा एखादा लहानसा भाग यादीतून राहून गेला, तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळत नाही. म्हणून सामानाची यादी करताना तेथे ज्याने स्वतः ते यंत्र चालविले आहे, त्याचे म्हणणे प्रथम ऐकणे श्रेयस्कर होय.

पूर्वतयारीलाही मर्यादा असतात. ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवर नोवोलाझारेव्हस्काया हे रशियन केंद्र आहे. १९६१ मध्ये, ते सुरू झाले त्याच वर्षी, तेथील एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार जडला. हिमवादळामुळे विमान येणे शक्य नव्हते. ३० एप्रिलच्या रात्री त्यांनी स्वतःवरच शस्त्रक्रिया केली. एका सहकाऱ्याने उपकरणे दिली, दुसऱ्याने आरसा व दिवा धरला. हे सहकारी वैद्यक शिकलेले नव्हते. कोणी काय करावयाचे, हे रोगोझोव्ह यांनी आधीच नेमून दिले होते. सुमारे दोन आठवड्यांनी ते पुन्हा कामावर रुजू झाले. अशा प्रसंगी दूरचे कार्यालय परवानगी आणि धीर देऊ शकते. हात मात्र जागेवरच्या माणसांचेच लागतात.

यावरून अधिकारांच्या वाटणीचे तत्त्व स्पष्ट होते. बाहेर वादळ घोंगावत असताना दुरुस्तीसाठी माणूस पाठवावा की नाही, हे तुकडीप्रमुखानेच ठरवावयास हवे. वाऱ्याचा जोर गोव्यातून दिसत नाही. पूर्वी बिनतारी संदेश मोजकेच जात, त्यामुळे मुख्यालयाला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज उपग्रहामुळे रोज बोलता येते. ही सोय मोलाची आहे. परंतु तिच्यामुळे प्रत्येक लहान गोष्टीत लांबून हुकूम सोडण्याचा मोहही होतो. प्रमुखाचा निर्णय वरचेवर फिरविला गेला, तर सदस्य त्याला डावलून थेट मुख्यालयाशी बोलू लागतात आणि भर हिवाळ्यात तुकडीला कोणी प्रमुखच उरत नाही.

मुख्यालयाने बोलू नये, असा याचा अर्थ नव्हे. ठरलेल्या वेळी संपर्क साधणे, मागविलेला अहवाल खरोखर वाचणे आणि विचारलेल्या प्रश्नाला, उत्तर नकारार्थी असले तरी, उत्तर देणे ही त्याची कर्तव्ये होत. उत्तरे मिळत नाहीत असा अनुभव आलेली माणसे अडचणी कळविणेच सोडून देतात, आणि तेथे लपविलेली अडचण जीवघेणी ठरू शकते.

‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. त्या काळात झोप बिघडते, क्षुल्लक कारणावरून शब्दाला शब्द वाढतो. अशा वेळी वेळेवर मिळणारे गरम जेवण आणि घरच्यांशी झालेले दोन शब्द औषधाइतकेच उपयोगी पडतात. २१ जूनच्या सुमारास अंटार्क्टिकातील निरनिराळ्या देशांची केंद्रे मध्य-हिवाळ्याचा सण साजरा करतात आणि परस्परांना शुभेच्छा धाडतात. आपली कोणीतरी आठवण ठेवली आहे, एवढेच त्या संदेशात असते; पण अंधारात बसलेल्या माणसाला तेच हवे असते.

तुकडी परतल्यावरही मुख्यालयाचे काम संपत नाही. काय कमी पडले, कोणता आदेश निरुपयोगी ठरला, हे तिच्या तोंडून ऐकून घेतले, तरच पुढच्या जहाजात योग्य सामान चढते.