जनरल सुलेमानी यांच्या हत्येचे पडसाद

३ जानेवारी २०२० रोजी बगदादच्या विमानतळाजवळ अमेरिकेच्या वैमानिकरहित विमानाने केलेल्या हल्ल्यात इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेले. इसिसशी झुंजलेला वीर म्हणून अनेक इराणी जन त्यांना मानीत. सिरियातील बंडखोरांना मात्र ते असद राजवटीचे पाठीराखे म्हणूनच ठाऊक होते. साहजिकच एकाच वार्तेने तेहरानमध्ये शोकाकुल जनसागर लोटला, तर इदलिबमध्ये मिठाई वाटली गेली. लडाखमधील कारगिल येथेही शिया बांधवांनी शोकयात्रा काढली.

७ जानेवारीस केरमान येथील अंत्ययात्रेत चेंगराचेंगरी होऊन ५० हून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे सोडली. आणि प्रतिहल्ल्याच्या धास्तीत त्याच्याच सैन्याने तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान पाडले. १७६ जण प्राणास मुकले. तीन दिवसांनी सरकारने कबुली देताच लोक संतापून रस्त्यावर उतरले. सुलेमानींची चित्रेही फाडली गेली.

तो शोक खोटा नव्हता, हा संतापही खोटा नव्हता. म्हणूनच गर्दीच्या एका छायाचित्रावरून साऱ्या राष्ट्राचे मन जोखू नये.